बाजारातल्या स्टॉलसाठी लिथियमची पेटी: एनएमसी, एलएफपी की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा. आठवडी बाजारात आणि प्रदर्शनांत स्टॉल लागतो. विजेचा भरवसा नाही, जनरेटरचा धूर आणि आवाज नको. दोन एलईडी दिवे, एक पंखा, तराजू, बिलाचा छोटा प्रिंटर, पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा डबा आणि दोन मोबाइल, एवढं संध्याकाळी सहा तास चालायला हवं. एक दुकानदार ‘लिथियम आयन’ची हलकी पेटी दाखवतो, दुसरा ‘फॉस्फेट’ची जरा जड, आणि तिसरा स्कूटरमधून काढलेले सेल निम्म्या भावात देतो म्हणतो. घ्यायचं काय?

आधी उत्तर. १२.८ व्होल्ट, ४० एएच (अँपिअर-तास) मापाची एलएफपी पेटी, म्हणजे दुसऱ्या दुकानदाराची ‘फॉस्फेट’वाली, घ्या. पंखा आणि दिवे १२ व्होल्टचेच घ्या, म्हणजे इन्व्हर्टरची गरज पडणार नाही. तिसऱ्या दुकानदाराला नमस्कार करा. आता कारणं, कारण उद्या तुमचा भार बदलला तर हिशेब तुम्हालाच मांडावा लागणार आहे.

पहिला घोळ नावाचा. दुकानात ‘लिथियम आयन’ आणि ‘फॉस्फेट’ अशा दोन जाती सांगतात, पण दोन्ही लिथियम-आयनच आहेत. फरक आतल्या धन-टोकाच्या रसायनाचा. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचं मिश्रण असेल तर ती एनएमसी. काउंटरवर ‘लिथियम आयन’ म्हणतात ती बहुधा हीच. लोह आणि फॉस्फेट असेल तर एलएफपी. मोबाइलमध्ये बहुतेक वेळा कोबाल्टवाली असते. ती आकाराने सगळ्यात आटोपशीर आणि तापमानाच्या बाबतीत सगळ्यात नाजूक. ‘लिथियम पॉलिमर’ हे रसायनाचं नाव नसून बांधणीचं आहे: धातूच्या डब्याऐवजी मऊ पाकीट. ड्रोनसाठी ती उत्तम, कारण एका क्षणात भरपूर करंट देते. पण बाजारात टेम्पोतून आदळत-आपटत जाणाऱ्या पेटीत मऊ पाकीट नको. एखादा खिळा किंवा स्क्रूचं टोक लागलं की संपलं.

आता भार मोजू. १२ वॅटचे दोन दिवे म्हणजे २४ वॅट. १२ व्होल्टचा टेबल पंखा साधारण १६ वॅट. तराजू, प्रिंटर, तो बोलणारा डबा आणि मोबाइल मिळून सरासरी १० वॅट धरा. प्रिंटर छापताना झटका घेतो, पण तो काही सेकंदांचा. एकूण ५० वॅट. सहा तासांचे झाले ३०० वॅट-तास. वायर आणि यूएसबीच्या मॉड्यूलमध्ये दहा टक्के जातात, म्हणजे ३३०. पेटी रोज तळाला घासायची नाही, वीस टक्के शिल्लक ठेवायची, म्हणून ३३० भागिले ०.८, म्हणजे सुमारे ४१२. काही वर्षांनी क्षमता ऐंशी टक्क्यांवर येईल, तेव्हाही सहा तास मिळायला हवेत, म्हणून पुन्हा ०.८ ने भागा: ५१५. १२.८ व्होल्ट गुणिले ४० एएच म्हणजे ५१२ वॅट-तास. चाळीस एएच आलं ते असं.

हाच स्टॉल घरातल्या २३० व्होल्टच्या पंख्यावर चालवायचा म्हटला तर पंखाच ५५ वॅट खातो. इन्व्हर्टर पंधरा टक्के स्वतःसाठी ठेवतो. सगळं मिळून ५० चे १०५ वॅट होतात, म्हणजे सहा तासांना ६३० वॅट-तास. पेटी थेट दुप्पट. रसायनावर तासभर डोकं घालवण्यापेक्षा १२ व्होल्टचा पंखा घेतल्याने जास्त पैसे वाचतात, आणि ही गोष्ट पेटी विकणारा सांगत नाही. (इंडक्शनवर चहा करायचा विचार डोक्यात असेल तर तो इथेच सोडा. १५०० वॅटची शेगडी या पेटीतून १३५ अँपिअरच्या वर ओढेल. समजा सगळं टिकलं, तरी पंधरा-सतरा मिनिटांत पेटी रिकामी.)

वजनाचं काय? ‘एनएमसी निम्म्या वजनात’ असं ऐकायला मिळतं. प्रत्यक्ष मांडून बघू. २६०० एमएएचचा एक १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, सुमारे ९.४ वॅट-तासांचा आणि ४६ ग्रॅमचा. पाचशेच्या आसपास पोहोचायला असे ५४ सेल लागतात: अडीच किलो. एलएफपीचा ३२७०० सेल ६ एएचचा, १९.२ वॅट-तासांचा, सुमारे १४० ग्रॅमचा. चार मालिकेत आणि सात समांतर असे २८ घेतले की ४२ एएच आणि ३.९ किलो. फरक दीड किलोचा. पेटी, वायरी, हँडल धरून साडेतीन विरुद्ध पाच किलो. पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगड चढायचा असेल तर दीड किलो जाणवतो. टेम्पोतून उतरवून टेबलाखाली सरकवायच्या वस्तूला तो फरक कुणाला कळणारही नाही. लेड-अ‍ॅसिडमध्ये हेच काम करायला निम्म्याच क्षमतेवर थांबावं लागतं, म्हणून ७० एएचची बॅटरी आणि वीसेक किलो. तिच्यापुढे दोन्ही हलक्याच.

निवडीचा खरा निकष व्होल्टेजचा आहे, आणि तोच सहसा कुणी विचारात घेत नाही. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, पूर्ण भरला की ३.६५. चार मालिकेत जोडले की १२.८, भरलेले १४.६. लेड-अ‍ॅसिडच्या बॅटरीचा वावर जवळपास याच पट्ट्यात असतो आणि बाजारातली ‘१२ व्होल्ट’ची उपकरणं त्याच हिशेबाने केलेली असतात. एनएमसीचा सेल ३.६ ते ३.७ चा, भरला की ४.२. तीन जोडले तर ११.१, भरलेले १२.६, आणि रिकामे होताना ९ पर्यंत घसरतात. बहुतेक छोटे इन्व्हर्टर १०.५ च्या आसपास ‘बॅटरी लो’ म्हणून ओरडायला लागतात, म्हणजे शेवटचा काही हिस्सा पेटीत असूनही हाती लागत नाही. दिवे आठ वाजेपर्यंत मंद झालेले. बरं, तीनाऐवजी चार जोडावेत, तर भरलेल्या पेटीचे होतात १६.८ व्होल्ट. साधी एलईडी पट्टी त्यावर तापून मरते आणि गाडीचा यूएसबी चार्जर कधी टिकतो, कधी धूर काढतो. एनएमसीला १२ व्होल्टच्या दुनियेत नीट बसायला मध्ये कन्व्हर्टर लागतो. एलएफपी तशीच बसते.

आयुष्याचा हिशेब त्यानंतर. एनएमसीचे साधे सेल पूर्ण वापरात पाचशे ते हजार वेळा भरता येतात, एलएफपीचे दोन हजार आणि त्याहून पुष्कळ वर. आठवड्यातून सहा दिवस स्टॉल म्हणजे वर्षाला सुमारे ३०० वेळा. एनएमसी दोन-तीन वर्षांत थकेल. एलएफपी फेऱ्यांच्या हिशेबाने सहा-सात वर्षं जाईल, फक्त तोवर वय आणि उष्णताही आपला वाटा घेतात. दोन पेट्यांची तुलना करताना किमतीला वॅट-तासांनी भागा आणि मग अपेक्षित फेऱ्यांनी. एएचला भागून फसू नका: ११.१ व्होल्टचे ४० एएच म्हणजे ४४४ वॅट-तास, १२.८ व्होल्टचे ४० एएच म्हणजे ५१२.

उष्णतेबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोच्या आत त्याहून कितीतरी जास्त. सेल कुठलाही असो, चार्जिंगची वरची मर्यादा सहसा ४५ अंश असते. गरम पेटी दुपारी घरी आणून लगेच चार्जरला लावली तर आतून ती ५० च्या पुढे असू शकते. तास-दोन तास फरशीवर थंड होऊ द्या. उष्णतेत पूर्ण भरून ठेवलेली एनएमसी झपाट्याने म्हातारी होते, एलएफपी तुलनेने सोसते. आगीच्या बाबतीत: सेल स्वतःहून तापत जाऊन ताबा सुटण्याची पातळी कोबाल्टवाल्याला साधारण १५०, एनएमसीला २१० आणि एलएफपीला २७० अंशांच्या आसपास धरली जाते. शिवाय एलएफपीमधला ऑक्सिजन फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असतो, तो सहजी सुटून आगीला हवा देत नाही. याचा अर्थ ‘एलएफपी पेटतच नाही’ असा काढू नका. आतलं द्रव ज्वालाग्राहीच आहे, आणि बिघडलेला सेल जो वायू सोडतो त्यात हायड्रोजन असतो. म्हणून हवाबंद लोखंडी पेटीत कुठलेच सेल कोंबू नका. ठिणगी पडली तर ती पेटीच बॉम्ब होते. एबीएस प्लॅस्टिकचा, दोन बाजूंना जाळीची भोकं असलेला डबा बरा.

एनएमसी वाईट असा याचा सूर नाही. पाठपिशवीत जाणारी, महिन्यातून दोनदा वापरायची, लॅपटॉप आणि कॅमेरा भरायची पेटी असेल तर तीच घ्यावी, कारण तिथे ग्रॅम मोजले जातात आणि फेऱ्या कमी असतात. अशा पेटीला एक युक्ती उपयोगी: दर सेलला ४.२ ऐवजी ४.१ व्होल्टवर थांबा, तीन सेलना १२.३. दहाएक टक्के क्षमता सोडाल, पण फेऱ्या जवळपास दुप्पट मिळतात. एलटीओ, म्हणजे टायटॅनेटवाले सेल, दहा हजारांच्या वर फेऱ्या देतात आणि गोठणाऱ्या थंडीतही चार्ज होतात. लेह-स्पितीत हिवाळ्यात काम असेल तर त्यांचा विचार करा, कारण शून्य अंशाखाली एलएफपी आणि एनएमसी दोन्ही चार्ज करायच्या नसतात. लिथियम धातूच्या रूपात आत साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. पण एलटीओचा सेल २.३ ते २.४ व्होल्टचाच, वजनाला एलएफपीच्या निम्मीच ऊर्जा देणारा आणि महाग. आपल्या बाजारात त्याचं काम नाही. सोडियम-आयनची हल्ली चर्चा आहे. तिचं व्होल्टेज भरल्यापासून रिकामं होईपर्यंत इतकं पसरट घसरतं की आजचे १२ व्होल्टचे इन्व्हर्टर तिच्याशी नीट जुळत नाहीत.

आता तिसरा दुकानदार. स्कूटरमधून काढलेले सेल मुळात वाईट नसतात. वाईट असतो त्यांचा इतिहास, आणि तो तुम्हाला कुणी देत नाही. एका पेटीत सारखे दिसणारे चाळीस सेल, त्यातले पाच पाण्यात बुडालेले, आठ कधीतरी शून्याला गेलेले. ज्यांना खरंच हे काम करायचंय त्यांनी प्रत्येक सेल वेगळा मोजावा: २ व्होल्टच्या खाली सापडलेला सेल सरळ बाजूला, कारण आतलं तांबं विरघळायला सुरुवात झालेली असते आणि चार्ज केल्यावर तेच आतल्या आत शॉर्ट करतं. उरलेले ४.१ पर्यंत भरून दोन आठवडे ठेवावेत, इतरांपेक्षा ०.०५ व्होल्टने जास्त उतरलेला सेल बाद. मग प्रत्येकाची क्षमता आणि अंतर्गत रोध मोजून जोड्या लावाव्यात. एवढं करायला सेल-टेस्टर, स्पॉट-वेल्डर आणि महिनाभराची सवड लागते. स्टॉल चालवणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नसतं.

तयार पेटी घेताना काय बघायचं? सगळ्यात सोपी खूण चार्जरवर छापलेली असते. चार्जर १२.६ व्होल्टचा असेल तर आत तीन एनएमसी. १४.६ असेल तर चार एलएफपी. १६.८ असेल तर चार एनएमसी, मग विक्रेता काहीही म्हणो. २४ व्होल्टच्या पेट्यांत ही खूण बारीक होते: सात एनएमसींना २९.४ आणि आठ एलएफपींना २९.२. तिथे चष्मा लावून वाचा.

आणि याच आकड्यांत सगळ्यात मोठा धोकाही आहे. बहुतेक छोट्या पेट्यांना एकाच मापाची गोल पिन असते, ५.५ मिलिमीटरची. १४.६ चा चार्जर तीन सेलच्या एनएमसी पेटीत सहज जातो. दर सेलला पडतात ४.८७ व्होल्ट. ते आणि पेटणं यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त नखाएवढा बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवून गरज पडली की करंट तोडणारा सर्किट बोर्ड. उलट केलं, म्हणजे १२.६ चा चार्जर एलएफपीला लावला, तर नुकसान नाही. पेटी फक्त कधी भरत नाही आणि माणूस ‘बॅटरी गेली’ म्हणून दुकानात भांडायला जातो. घरात दोन प्रकारच्या पेट्या असतील तर एकीची पिन बदलून एक्सटी६० (वेगळ्या आकाराचा जोड) करून टाका. चुकून लागणारच नाही, एवढी व्यवस्था हवी.

वजनकाटा ही दुसरी खूण. ५१२ वॅट-तासांची एलएफपी पेटी पिशवीसकट साडेतीन किलोच्या आत भरली तर आकडा खोटा आहे. सुट्या सेलचंही तसंच. १८६५० वर ९९०० एमएएच छापलेलं असेल तर ते वाचायचीही गरज नाही. या आकारात साडेतीन हजारांच्या आसपास मर्यादा येते. चांगला सेल ४४ ते ४९ ग्रॅमचा, नकली तीस ग्रॅमच्या आसपास. किराणा दुकानातला काटासुद्धा एवढं सांगतो. सेलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी हवी: आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे. हा आठ आकडी क्रमांक बीआयएसच्या अ‍ॅपवर टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं. पेटीवरचं नाव आणि ते जुळतं का बघा. ‘५०० वॅटची पेटी’ असं कुणी म्हटलं तर ‘वॅट की वॅट-तास?’ असा प्रश्न आधी. ५०० वॅट म्हणजे एका वेळी किती ओढता येईल. आत किती साठवलंय ते वेगळंच.

बीएमएसबद्दल विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: सतत किती अँपिअर देतो, तापमानाचा सेन्सर सेलला चिकटवलाय का, आणि बॅलन्सिंगचा, म्हणजे सगळे सेल सारखे भरलेले ठेवण्याचा, करंट किती. तुमच्या ५० वॅटला चार अँपिअर पुरतात, पण पुढेमागे ३०० वॅटचा इन्व्हर्टर लावायचा झाला तर २८ लागतील, म्हणून ४० ते ५० अँपिअरचा बीएमएस बरा. बॅलन्सिंगचं गणित मात्र समजून घ्या, कारण ‘वर्षभरात बॅटरी अर्धी झाली’ अशा तक्रारींचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. चार सेलपैकी एक पाच टक्के मागे आहे असं धरा: ४० एएचचे पाच टक्के म्हणजे २ एएच. साधा बीएमएस ५० मिलिअँपिअरने बरोबरी करतो, म्हणजे ४० तास. आणि हे काम तो फक्त चार्जिंगच्या शेवटी, सेल साधारण ३.४ ते ३.५ व्होल्टच्या वर गेल्यावर करतो. रोज अर्ध्या तासाचा वेळ मिळाला तर अडीच-तीन महिने. त्यात तुम्ही घाईत पेटी नव्वद टक्क्यांवर काढून नेत असाल तर बरोबरी कधीच होत नाही. पुढे असलेले सेल भरले की बीएमएस चार्जिंग तोडतो, मागचा सेल उपाशीच. आणि वापरताना तोच आधी संपतो आणि पेटी बंद. म्हणून आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी, पेटी पूर्ण भरू द्या आणि चार्जरचा हिरवा दिवा लागल्यावरही दोन-तीन तास तशीच राहू द्या. घरात माणूस जागा असताना, गादी किंवा सोफ्यावर नाही, फरशीवर.

पेटी स्वतः बांधणाऱ्यांनी चारही ओळी (पुढे मालिकेत जोडायचे चार गट) आधी समांतर जोडून, बेंच सप्लायवर, म्हणजे व्होल्टेज ठरवून देता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर, ३.६५ व्होल्टला नेऊन, करंट अगदी कमी होईपर्यंत थांबावं आणि मगच मालिकेत जोडावं. या एका दिवसाच्या कंटाळ्याने वरची सगळी कटकट टळते. सेलला थेट डाग देऊ नका. सोल्डरिंगची उष्णता आतल्या पडद्यापर्यंत जाते. स्पॉट-वेल्डिंग किंवा स्क्रूचे सेल. निकेलची पट्टी शुद्ध आहे की निकेल चढवलेलं लोखंड, हे बघायला तिच्यावर पॉलिश पेपर घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबेरलेली दिसली तर परत करा.

वायरबाबत घरात पडलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीचा मोह होतो. चार अँपिअरला ती ठीक. पण ३०० वॅटच्या इन्व्हर्टरला, एक मीटर जाऊन एक मीटर परत, ती २८ अँपिअरवर ०.६५ व्होल्ट खाते आणि १८ वॅट उष्णता बनते, म्हणजे तुमच्या पंख्यापेक्षा जास्त वीज वायर तापवण्यात. सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर साडेचार वॅट. फ्यूज धन-टोकाला, बॅटरीच्या अगदी जवळ: मुख्य ४० अँपिअरचा, आणि दिवे-पंख्याच्या प्रत्येक फाट्याला गाडीत असतो तसा पात्याचा १० अँपिअरचा. बीएमएस आहे म्हणून फ्यूज नको, हा युक्तिवाद करू नका. बीएमएसमधले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळतात तेव्हा बहुतेकदा ‘चालू’ अवस्थेतच अडकतात.

पेटीवरची चार काड्यांची पट्टी एलएफपीसाठी निव्वळ शोभेची आहे. स्थिर अवस्थेत नव्वद टक्के भरलेली पेटी १३.३ च्या आसपास दाखवते आणि तीस टक्क्यांवर १३.० च्या आसपास. तीन दशांशांत साठ टक्के लपलेले. त्यात भार लावला की व्होल्टेज आणखी थोडं खाली बसतं. आधी तासन्‌तास तीन काड्या, मग दहा मिनिटांत अंधार, हा अनुभव त्यामुळेच येतो. शंटवाला मीटर लावा, जो आत गेलेले आणि बाहेर पडलेले अँपिअर-तास मोजतो. दर पूर्ण चार्जला तो शंभरावर आणून ठेवायचा, नाहीतर त्याचीही चूक साचत जाते.

चार्जर १४.६ व्होल्टचा, ८ ते १० अँपिअरचा पुरे. चार-पाच तासांत भरेल. घरातल्या इन्व्हर्टरला तिला लावू नका. लेड-अ‍ॅसिडचा चार्जर अधूनमधून ‘इक्वलाइज’ म्हणून १५ च्या वर जातो. बीएमएस वाचवेल, पण रोज त्याच्या जिवावर राहायचं नसतं. सोलरला १०० वॅटचं पॅनेल आणि लिथियमची सेटिंग असलेला कंट्रोलर. ऊन चांगलं असेल तर दिवसाला साडेतीनशे-चारशे वॅट-तास येतात, आषाढात ते विसरा. पॅनेल थेट बॅटरीला जोडायचं नाही, बीएमएस हा चार्ज कंट्रोलर नव्हे.

पावसाळ्यात बाजार बंद असतील तर पेटी निम्मी भरून, कोरड्या जागी. दर तीन महिन्यांनी एकदा मोजा, कारण बीएमएस स्वतः थोडी थोडी वीज पीत असतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत टोकांवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, जोड घट्ट केल्यानंतर, आधी नाही. विमानाने प्रदर्शनाला जायचं असेल तर ही पेटी नेता येणार नाही: १०० वॅट-तासांपर्यंत हातातल्या सामानात चालतं, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे प्रवाशाच्या सामानात बंदी. चेक-इन बॅगेत तर सुटी बॅटरी छोटी असली तरी नाही.

पेटी हातात आली की पहिल्याच आठवड्यात तिची क्षमता मोजा, वॉरंटीचा कागद ताजा असताना. गाडीच्या हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा बल्ब विटेवर ठेवा (तो चांगलाच तापतो, प्लॅस्टिकपासून लांब), मध्ये मीटर लावा आणि पूर्ण भरलेली पेटी बंद पडेपर्यंत जळू द्या. साडेचार-पाच अँपिअरने आठ-नऊ तास लागतील. ३८ एएचच्या वर आलं तर ठीक, ३५ च्या खाली आलं तर परत करा. आकडा आणि तारीख झाकणाच्या आत मार्करने लिहा. वर्षाने तोच बल्ब पुन्हा. एक-दोन एएच कमी झाले असतील तर ते वयाचं. ३८ चे एकदम २५ झाले असतील तर पेटी फेकू नका: झाकण उघडून, बंद पडल्याक्षणी चारही सेलचं व्होल्टेज मोजा. तिघे ३.१ वर आणि एक २.५ वर असेल तर तो एकच मागे पडलाय. तेवढ्यालाच ३.६५ च्या सप्लायने हळूहळू भरून इतरांच्या बरोबरीला आणा आणि परत मोजा. पुन्हा महिन्याभरात तोच सेल मागे पडला तर तो बदलावा लागेल. आणि फुगलेला दिसला तर भरायच्या फंदात न पडता टोकांना चिकटपट्टी लावून विक्रेत्याकडे परत द्या; २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाल्याच्या गाडीत लोखंडाच्या पत्र्याखाली दबला तर तो तिथेच पेटेल.